रक्तबिंबिकांचा आकडा आणि वैद्याचा विवेक

पावसाळा सरत आला की औरंगपुऱ्यात एकाच वस्तूची विचारणा दोन ठिकाणी वाढते. भाजी मंडईत पपईच्या पानांची आणि औषधी दुकानांत त्याच पानांच्या गोळ्यांची. डेंग्यूच्या या दिवसांत घरोघरी ज्वराची चौकशी मागे पडते आणि ‘प्लेटलेट किती झाल्या?’ हा प्रश्न आधी येतो. दीड लाखाचा आकडा लाखाखाली उतरला की घरच्यांची झोप उडते आणि पुन्हा वर चढला की पेढे वाटले जातात. आकड्यावरचा हा भाव आता आपल्या चिकित्सालयांतही शिरला आहे. त्याविषयी वैद्यबंधू-भगिनींशी आणि औषधविक्रेत्यांशी मोकळेपणाने बोलावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

अशाच एका मोसमात शेजारच्या एका औषधविक्रेत्यांनी एक भगिनी आमच्याकडे पाठविल्या. सोबत निरोप होता, ‘वैद्यराज, या ताई पपईच्या गोळ्या न्यायला तिसऱ्यांदा आल्या आहेत. ताप तर महिन्यापूर्वीच गेला म्हणतात. एकदा पाहून घ्यावे.’ ताईंच्या पिशवीत रक्ततपासणीचे चार कागद होते. चाळीस हजार, एकतीस हजार, सत्तावीस हजार आणि शेवटचा बावीस हजार. डेंग्यूची तपासणी प्रारंभापासूनच नकारात्मक होती. पायांवर मोहरीएवढे तांबडे ठिपके होते, ते बोटाने दाबले तरी मावळत नव्हते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते आणि त्या महिन्याची पाळी अकरा दिवस चालली होती.

डेंग्यूमध्ये रक्तबिंबिका साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतात आणि ज्वर गेल्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा वाढू लागतात. महिनाभर उतरत राहणारा आकडा डेंग्यूचा नव्हे. आम्ही त्याच दिवशी पत्र देऊन रुग्णेला रक्तविकारतज्ज्ञांकडे धाडले. इतर कारणे वगळल्यावर निदान झाले ते ‘इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया’, म्हणजे व्यवहारातील आय.टी.पी. आमच्या मते या रुग्णेचे अर्धे निदान दुकानाच्या गल्ल्यावरच झाले होते. तिसरे पाकीट देण्यापूर्वी विक्रेत्याने एक प्रश्न विचारला, एवढेच.

व्याधीची संप्राप्ती

रक्तबिंबिका या अस्थिमज्जेतील महापेशींपासून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म कणिका होत. प्रत्येक घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात व सात ते दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीस छिद्र पडले की तेथे जमून पहिला बांध घालणे, हे त्यांचे कार्य. आय.टी.पी.मध्ये शरीराचीच प्रतिकारयंत्रणा या कणिकांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. स्वतःच्याच घटकांविरुद्ध निर्माण झालेली म्हणून ही आत्मप्रतिपिंडे.

रक्तपेशी आणि प्रतिपिंडे यांच्या अभ्यासाची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे मांडला. पुढे १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. आज परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ही त्याचीच वाढ होय. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीच्या पेशींवर ‘एच’ हा घटक नसतो, म्हणून तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बाळगते. जे आपल्यापाशी नाही त्याविरुद्ध प्रतिपिंड असणे हा शरीराचा नियमच आहे. आय.टी.पी.मध्ये हा नियम मोडतो. जे आपल्यापाशी आहे, ज्यावाचून रक्त थांबत नाही, त्याविरुद्धच प्रतिपिंड तयार होते.

या शोधाची कथा वैद्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्याच्या रक्तबिंबिका धोक्याच्या पातळीपर्यंत कोसळल्या, अंगावर ठिपके उमटले, आणि पूर्ववत होण्यास काही दिवस लागले. रुग्णाच्या रक्तात रक्तबिंबिकांचा नाश करणारे काहीतरी आहे, हे यावरून सिद्ध झाले. पुढे स्वेच्छेने असे रक्त घेणाऱ्या सर्वांचाच आकडा मात्र उतरला नाही. हा तपशील लक्षात ठेवावा, तो पुढे उपयोगी पडणार आहे.

१९८२ मध्ये या प्रतिपिंडांचे नेमके लक्ष्य कळले. ग्लांझमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जन्मजात विकारात रक्तबिंबिकांवर विशिष्ट ग्लायकोप्रोटीन नसते. अनेक आय.टी.पी. रुग्णांची प्रतिपिंडे अशा रक्तबिंबिकांना चिकटेनात. म्हणजे त्यांचे लक्ष्य तेच ग्लायकोप्रोटीन होते. प्रतिपिंड चिकटलेल्या कणिकांना प्लीहेतील भक्षकपेशी गिळून टाकतात. तीच प्रतिपिंडे मज्जेतील महापेशींनाही बाधतात, त्यामुळे नाश वाढतो आणि उत्पत्तीही मंदावते.

येथे आपल्या वाचकांस चरकाचार्यांचे रक्तवह स्रोतसांविषयीचे प्रतिपादन आठवेल. त्यांचे मूळ यकृत आणि प्लीहा होय. प्राग येथील काझ्नेल्सन या वैद्यक-विद्यार्थ्याने १९१६ साली प्लीहा काढण्याची सूचना केली आणि त्या रुग्णेच्या रक्तबिंबिका वाढल्या, तेव्हा आधुनिक वैद्यकही त्याच स्थानी येऊन पोहोचले. तथापि एक सावधगिरी हवी. आय.टी.पी.मध्ये प्लीहा हे नाशाचे स्थान असले तरी ती सहसा हाताला लागत नाही. प्लीहावृद्धी स्पष्ट लागली तर हिवताप, रक्ताचा कर्करोग, यकृतविकार अशा अन्य व्याधींचा विचार आधी करावा.

प्रतिपिंडांची तपासणी कितपत विश्वसनीय?

अलीकडे काही रुग्ण ‘अँटिप्लेटलेट अँटिबॉडी’ तपासणीचा महाग कागद घेऊन येतात आणि विचारतात, ‘यात निगेटिव्ह आहे, म्हणजे हा आजार नाही ना?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आपण चुकू नये. आजच्या उत्तम पद्धतीनेही सुमारे निम्म्या रुग्णांतच ही आत्मप्रतिपिंडे सापडतात. काही रुग्णांत प्रतिपिंडांपेक्षा प्रतिकारपेशींचा प्रत्यक्ष हल्ला अधिक असतो. हॅरिंग्टन यांच्या प्रयोगातील न उतरलेले आकडे येथे आठवावेत. प्रतिपिंड सापडले तर निदानास बळकटी येते. ते न सापडल्याने व्याधी नाकारता येत नाही. जुन्या पद्धतीत तर रक्तबिंबिकांवर चिकटलेले सर्वच प्रतिपिंड मोजले जाई आणि ते अन्य अनेक व्याधींतही वाढलेले आढळे.

म्हणून आय.टी.पी.चे निदान आजही वगळण्याच्या मार्गाने होते. रक्तपट्टीची सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी, हिमोग्लोबिन व श्वेतपेशी, एच.आय.व्ही., यकृतदाह ‘सी’, ल्यूपस, अवटुग्रंथी, जठरातील हेलिकोबॅक्टर, तसेच क्विनीन, हेपॅरिन वा सल्फासारख्या औषधांचा इतिहास, हे सर्व पाहावे लागते. केवळ आकडा कमी, रक्तस्राव मुळीच नाही, असे दिसले तर आणखी एक शक्यता असते. नळीतील ई.डी.टी.ए. या द्रव्यामुळे काहींच्या रक्तबिंबिका गुठळ्या करून बसतात आणि यंत्र त्या मोजत नाही. अशा वेळी सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यावे. कागदावरचा बारा हजारांचा आकडा तासाभरात दोन लाख झाल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि ते कोणत्याही काढ्याने झालेले नव्हते.

आकडा म्हणजे व्याधी नव्हे

२००९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या व्याधीची परिभाषा निश्चित केली. एक लाखाखालील आकडा ही निदानाची मर्यादा ठरली. तीन महिन्यांपर्यंत नवनिदानित, तीन ते बारा महिने सातत्याचा आणि त्यापुढे जीर्ण, अशी कालविभागणी झाली. चिकित्सेचा निर्णय मात्र केवळ आकड्यावर ठेवला गेला नाही. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसलेल्या किंवा अल्प असलेल्या बालकांत आकडा कितीही असो, औषधाऐवजी निरीक्षण श्रेयस्कर मानले आहे. प्रौढांतही आकडा तीस हजारांवर आणि रक्तस्राव नाममात्र असेल तर निरीक्षण, त्याखाली असेल तर अल्पकाळ स्टेरॉइड, असा क्रम सुचविला आहे.

डेंग्यूच्या बाबतीतही हेच दिसले. सिंगापूर व मलेशियातील एका अभ्यासात वीस हजारांखालील आकड्याच्या प्रौढ रुग्णांना रक्तस्राव नसतानाही रक्तबिंबिका चढविण्यात आल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यामुळे रक्तस्राव टळला नाही, उलट उपद्रव वाढले. पपईच्या पानांविषयी २०१३ साली मलेशियात २२८ डेंग्यू रुग्णांचा अभ्यास झाला आणि पानांचा रस घेणाऱ्यांचा आकडा अधिक वाढल्याचे आढळले. आपण हा निष्कर्ष आनंदाने सांगतो. परंतु तो डेंग्यूच्या रुग्णांपुरता आणि आकड्यापुरता आहे. तो आय.टी.पी.ला लावणे म्हणजे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात फिरविणे होय.

आमची एक चूक

इतरांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे उचित. बऱ्याच वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या एका मुलास आमच्याकडे आणले होते. सर्दी-खोकला होऊन गेल्यावर अंगभर ठिपके उमटले होते, आकडा नऊ हजार होता. बालरोगतज्ज्ञांनी तपासून ‘थांबू या’ असे सांगितले होते. आम्ही वासा, दूर्वा व नागकेशर यांची योजना केली. सहा आठवड्यांत आकडा दोन लाखांवर गेला. एका बैठकीत आम्ही ती यशोगाथा म्हणून सांगितली, टाळ्याही मिळाल्या.

पुढे वाचनात आले की आय.टी.पी.ची दहापैकी सात-आठ मुले वर्षभरात, बहुतेक तर काही आठवड्यांतच, कोणत्याही औषधाविना बरी होतात. त्या मुलाचे श्रेय आमच्या योगाचे की कालाचे, हे एका रुग्णावरून सांगता येणे शक्य नव्हते. आमचा योग निरुपयोगी होता असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ती गाथा ऐकून कोणा वैद्याने प्रौढ रुग्णास ‘सहा आठवडे थांबा’ असे सांगितले असेल, तर त्याचा दोष आमच्याकडे येतो. प्रौढांत हा व्याधी बहुधा आपोआप जात नाही, तो जीर्ण होतो.

रक्तपित्ताचे सूत्र कोठे लावावे, कोठे नाही

आय.टी.पी.चा विचार आपण बहुधा रक्तपित्ताच्या अधिकारात करतो. नासा, मुख, योनी यांतून होणारा स्राव तेथे बसतो. त्वचेखालील ठिपके तिर्यग्गत रक्तपित्ताशी जोडले जातात, तथापि येथे रक्त रोमकूपांतून बाहेर न येता त्वचेतच साचते, हा भेद ध्यानी घ्यावा. साम्य उपयुक्त आहे, पण ते पूर्ण नाही. म्हणून रक्तपित्ताची तीन चिकित्सासूत्रे येथे जशीच्या तशी लावू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिले, बलवान व आहार घेणाऱ्या रुग्णाचा स्राव प्रारंभी स्तंभन करू नये हे सूत्र. दूषित रक्त कोंडले जाऊ नये, हा त्यामागील आशय. आय.टी.पी.मध्ये वाहणारे रक्त दूषित म्हणून वाहत नाही, ते थांबविणारा घटकच नष्ट झालेला असतो. येथे स्राव वाहू देणे घातक ठरू शकते.

दुसरे, प्रतिमार्गहरण. अधोग रक्तपित्तात वमन सांगितले आहे. परंतु आकडा दहा-वीस हजारांवर असताना वमनाचा वेग मस्तकातील दाब वाढवितो आणि मस्तिष्कातील रक्तस्राव हाच या व्याधीचा सर्वांत भयंकर उपद्रव आहे. तो विरळ असला तरी एकदा घडल्यावर परत फिरता येत नाही. बस्तीच्या नळीनेही गुदमार्गात इजा होऊन स्राव होऊ शकतो.

तिसरे, रक्तमोक्षण. जळूच्या लाळेत हिरुडिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. ज्याचे रक्त आधीच थांबत नाही त्यास जलौका लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. जोराचे मर्दन आणि स्नायूंत दिलेली सुईही टाळावी.

‘व्याधिक्षमत्व वाढविण्याच्या’ औषधांबाबतही विचार हवा. येथे प्रतिकारशक्ती दुर्बल नसून भरकटलेली आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत आत्मप्रतिकाराची लक्षणे असलेला यकृतविकार नोंदविला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, असे म्हटले. हा वाद आम्ही येथे सोडवू इच्छित नाही. पण स्वशरीरावरच उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेच्या रुग्णास गुळवेल, अश्वगंधा यांची पाकिटे केवळ ‘शक्तीसाठी’ देताना हात आखडता घ्यावा, एवढे शहाणपण दोन्ही बाजू मान्य करतील.

मग वैद्याचे कार्य काय?

वैद्याचे कार्य पुष्कळ आहे. दीर्घ रक्तस्रावाने आलेला पांडू, स्टेरॉइडमुळे वाढणारे अम्लपित्त, मधुमेहाची प्रवृत्ती, अस्थिक्षय, निद्रानाश, आणि ‘आज आकडा किती येईल’ ही सततची धास्ती, यांत आपला आहार-विहाराचा उपदेश, सौम्य योजना आणि धीराचे चार शब्द रुग्णास खरोखर उपयोगी पडतात. मात्र जी औषधे द्यावयाची ती तज्ज्ञास कळवून, चिठ्ठीवर स्पष्ट नावे लिहून. लसणाच्या अर्कासारखी रक्तबिंबिकांचे कार्य मंदावणारी द्रव्ये टाळावीत. चालू असलेले स्टेरॉइड आपल्या शब्दावर रुग्णाने एकाएकी बंद करू नये, हे त्यास बजावून सांगावे. अधिवृक्क ग्रंथी तोवर निद्रिस्त झालेली असते, आणि अचानक बंद केल्यास केवळ आकडाच नव्हे, प्राणही संकटात येतो.

पुढील लक्षणांत औषधयोजनेचा विचारही न करता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे: नवी तीव्र डोकेदुखी, वारंवार वांती, गुंगी वा दृष्टिदोष, तोंडात रक्ताचे फोड, काळे शौच वा लघवीतून रक्त, न थांबणारी नासिकागत रक्तप्रवृत्ती, तासागणिक कपडा बदलावा लागणारा आर्तवस्राव, तसेच नवनिदानित प्रौढात वीस हजारांखालील आकडा. औरंगपुऱ्यापासून घाटी रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. पण कन्नड, सिल्लोड, पैठणहून आलेला असा रुग्ण संध्याकाळच्या गाडीने गावी परतला, तर रात्री त्याच्या हाताशी काय असेल, हा विचार पत्र लिहिताना मनात असावा.

औषधविक्रेत्यांस विनंती

रुग्ण आमच्या आधी आपल्या गल्ल्यापाशी येतो, म्हणून आपल्याला तीन विनंत्या. रक्तबिंबिका वाढविणारे कोणतेही पाकीट दुसऱ्यांदा मागणाऱ्यास ‘ताप कधी गेला?’ एवढे विचारावे. ताप जाऊन दहा दिवस लोटले आणि आकडा अजून खालीच असेल, तर पाकीट न देता वैद्याकडे वा डॉक्टरकडे पाठवावे. अंगावर ठिपके असलेल्यास वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये, त्या गोळ्या उरल्यासुरल्या रक्तबिंबिकांचेही कार्य बिघडवितात. आणि निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये नसलेल्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुडीत लपविलेले स्टेरॉइड असले तर आकडा झपाट्याने वाढतो, पुडीचा जयजयकार होतो आणि पुडी संपताच रुग्ण पूर्वीपेक्षा खाली कोसळतो.

त्या भगिनी अजूनही अधूनमधून येतात. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचा आकडा चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान राहतो, तो लाखावर गेलेला नाही. हिरड्यांतून रक्त येत नाही, पाळी पाच दिवसांत थांबते, घर आणि नोकरी सुरळीत चालू आहे. पहिल्यांदा त्यांनी विचारले होते, ‘आकडा कधी वाढेल?’ आता त्या सांगतात, ‘वैद्यराज, रक्त कुठून येत नाही, बाकी ठीक आहे.’ हे त्यांना समजले. ते आपणही समजून घेतले, तर येत्या पावसाळ्याअखेर आपल्या गल्लीतील एखादा रुग्ण तिसऱ्या पाकिटापूर्वीच योग्य दारी पोहोचेल.